विसावं नाव

४ सप्टेंबर, गुरुवार

आज मी मॅडम झाले! उद्या सुट्टी म्हणून शिक्षक दिन आजच उरकला. मम्मीची जांभळी साडी, हेडसरांचा जुना चष्मा, हातात पट्टी. अल्पना मॅडम मागच्या बाकावर विद्यार्थी होऊन बसल्या. वर्गातला दिवाल्या त्यांना म्हणतो कसा — "पेन्सिल शे का वं एखादी?"

पहिलं काम हजेरी. सहावी, सातवी, आठवी — आमचे तिन्ही वर्ग एकाच खोलीत, त्यामुळे हजेरीही एकदमच. मी चष्मा नाकावर ओढून नावं वाचत गेले. माझ्यासकट एकोणीस जण हजर, हजर करत गेले. मग विसावं नाव — मुस्कान महावीर जैन.

मुस्कान! ती तर जूनपासून पिवळ्या बसनं शहाद्याला जाते. इंग्लिश मिडियम. टाय लावते. अन् इथं रजिस्टरात रोज तिची हजेरी! एक दिवस चुकवलेला नाही. मी पोळ्याला चार दिवस दांडी मारली, ती बरी लाल शाईत दिसते.

मग मीच नाकातून आवाज काढला, मुस्कानला बारमाही सर्दी असायची तसा — "हजर, बॅडब!" वर एक शिंक.

सगळे हसले. दिवाल्या तर बाकावरून खाली. मॅडम नाही हसल्या. पेनाचं टोपण काढत होत्या, लावत होत्या.

८ सप्टेंबर, सोमवार

मुस्कान जाम वांड झालीये. खडूच्या डब्यात बेडूक ठेवला — मुस्काननं. हेडसरांच्या गाडीची हवा सोडली — मुस्काननं. कोण आहे रे ते? अख्खा वर्ग एका सुरात — मुस्कान, सर!

दुपारी खिचडीचं एक ताट जास्त वाढून घेतलं, तिच्या नावानं. ते दिवाल्यानं खाल्लं. म्हणे, "तिले कांदा चालत नही, म्हनीसन मी खाई टाकं."

९ सप्टेंबर, मंगळवार

पायात भिंगरी. बाकावर बूड टेकत नाही. खिडकीतून पिवळी बस दिसते ना — नऊ वाजता हस्तीमल शेठच्या दुकानापुढे थांबते, हॉर्न मारते, धुरळा उडवून जाते. आमच्या गुजर समाजाची सगळी पोरं तिच्यात. शेठची नात मुस्कानही तिच्यात. खिडकीतून जीभ दाखवतात मेले.

इथं गुजरांची मी एकटी उरलेय. बाकी भिलाटीतली भिल्ल पोरं, पावरा पोरं, दोघं कोकणी — सगळी आदिवासी. मला का ठेवलंय? कारण शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष माझे आबा. हिंमतराव पाटलांचीच नात बसमध्ये चढली तर गाव काय म्हणेल! म्हणून मी इथं. दुकानात काचेमागे बाहुली ठेवतात तशी.

मला पण बस पाहिजे. शहादा स्टँडवरची कचोरी पाहिजे.

११ सप्टेंबर, गुरुवार

आज भलताच माल मिळाला!

आबा ओट्यावर खाटेवर बसलेले, समोर हेडसर. मी खाटेखाली. आबांच्या धोतराचा सोगा खाटेच्या पायाला बांधत होते. अर्धी गाठ झाली आणि हेडसर म्हणाले, "आबा, तीस तारखेला साहेब येतोय. पट मोजायला."

मी गाठ तशीच राहू दिली. कान टवकारले.

सहावी ते आठवी मिळून वीस पोरं पाहिजेत. वीसच्या खाली गेलं की मास्तरांची पदं गेली. मॅडम जातील दुसऱ्या कुठल्या तालुक्यात. मग शिकवणार कोण? वर्ग बंद.

"कागदवर कितला शेतस?" आबा.

"वीस."

"आनि बाकवर?"

नवनीत हेडसर नुसता चहा फुंकत राहिले. मग म्हणाले, "शेठच्या नातीचं नाव ठेवलंय ना आपण… साहेब म्हणे डोकी मोजणार, रजिस्टर नाही. समोर बसतील तितकेच लिहीन म्हणतो."

आबा म्हणाले, "चाळीस वरीस झाये. मन्ही गाडीवर इटा आन्यात मी ह्या शाळाना." आणि उठायला गेले. खाट पण उठली थोडी!

मार बसला. पण काय फरक पडतो! शाळा बंद! बस! कचोरी!

१२ सप्टेंबर, शुक्रवार

वर्गात सांगून टाकलं. उभी राहून, दवंडी पिटल्यासारखं. ऐका हो ऐका, तीस तारखेनंतर शाळेला कुलूप!

वाटलं नाचतील. कोणी नाचलं नाही.

दिवाल्या पाटीवर टकलू काढत होता. वर न बघता म्हणाला, "तुले बस शे. माले काय शे? म्हशी."

मी म्हटलं, तू पण ये ना बसनं.

"बस काय तुन्हा आबानी शे का मन्हा बापनी? फी कोन भरीन?"

मग टकलूला शेपूट काढलं त्यानं.  आठवीतल्या दोघी पोरी वही बंद करून नुसत्या बसल्या. शहादा अकरा किलोमीटर. त्यांना कोण पाठवणार एसटीनं?

आज काहीच खोडी सुचली नाही. पहिल्यांदाच.

१४ सप्टेंबर, रविवार

काड्यापेटी आणायला शेठच्या दुकानात गेले. मुस्कान गल्ल्यामागं बसून अभ्यास करत होती. तिला सांगितलं, तू आमच्या शाळेत रोज हजर असतेस, ताट पण जेवतेस.

आधी हसली. मग डोळे मोठे. "मी दोन शाळेत? दादाजीने बोललंच नाही मला. मग परीक्षा पण दोन देऊ का?"

विचारलं, कशी आहे गं तुमची शाळा? म्हणाली, पंखे आहेत. कॉम्प्युटर आहे. मग हळूच, "तिथं मला कोणी मुस्कान नाही बोलत. रोल नंबर एकतीस बोलतात."

तीस तारखेला येशील का, एकच दिवस? म्हणाली, "टेस्ट आहे. आणि खोटं बसणार नाही मी. पर्युषणात नियम घेतलाय खोटं न बोलायचा." मग शेंगदाण्याची चिक्की दिली. नियमवाली!

१७ सप्टेंबर, बुधवार

डोक्यात किडा वळवळतोय तीन दिवस. एक डोकं. फक्त एक डोकं पाहिजे. कुठून आणायचं? बुजगावण्याला गणवेश घालून बसवू — असं दिवाल्या म्हणतो. साहेब विचारेल नाव काय, तर? "सांगजो मुका शे."

संध्याकाळी मळ्यात गेले, तर झोपडीपुढे गर्दी. गर्दी कसली — आमचा सालदार भिला, त्याची बायको आणि दोन म्हशी. मध्ये रमीला. भिलाची पोरगी. धडगावकडचे पावरा हे, यंदाच्या आखाजीच्या सणापासून आमच्याकडे सालावर, वर्षाच्या बोलीनं. रमीला माझ्याएवढीच असेल. सकाळी आमच्या गोठ्यातलं शेण उचलते, दिवसभर बारक्या भावाला कडेवर घेऊन फिरते.

ती नकला करत होती! आधी आमची म्हैस. मग एसटीचा कंडक्टर. मग — मी कपाशीमागं लपले होते — मग आमची मम्मी! कंबरेवर हात, मान तिरकी: "वं रमीला, कथी मरी गयी वं?" हुबेहूब! म्हशीनं पण मान वळवली.

पोट धरून हसले. आणि हसता हसता किडा एकदम थांबला.

शेण उचलते कोण? आमच्याच गोठ्यात. रोज बघते मी तिला. अन् तीन दिवस गावभर डोकं शोधतेय!

१८ सप्टेंबर, गुरुवार

रमीलाला मुस्कान शिकवली. पाच मिनिटांत आली तिला. शिंकेसकट. मी तिला म्हटलं, एकच दिवस बसायचं, साहेब नाव विचारेल, तू मुस्कान महावीर जैन सांगायचं.

"मंग दुसरे दिन?" तिनं विचारलं.

दुसऱ्या दिवशी काय? काही नाही. दुसऱ्या दिवशी शेण.

मग म्हणाली, ती डोंगरात तिसरीपर्यंत शिकली. मग बाप सालावर निघाला, कधी इकडे कधी गुजरातेत. तिसरीची पुस्तकं अजून आहेत तिच्याकडे, पत्र्याच्या पेटीत, पावसात भिजून फुगलेली.

२० सप्टेंबर, शनिवार

रंगीत तालीम. मम्मी पुरुषोत्तमनगरला गेली होती. पप्पा तिथं कारखान्यावर आहेत, आठवड्याचे डबे लागतात. मी रमीलाला माझा जुना गणवेश घातला, डोक्याला तेल चोपडलं, शाळेत नेऊन बसवली.

मॅडमनी हजेरी घेतली. विसावं नाव. मुस्कान महावीर जैन —

"हजर, बॅडब!" आणि शिंक!

वर्ग उलटापालटा. हेडसर दारात आले काय झालं बघायला. मॅडम मात्र उठून बाकापर्यंत आल्या.

"छान. आणि खरं नाव?"

रमीलानं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे.

"रमीला."

"वय किती?"

"म्हाईत नही."

"शाळेत यायचंय? रोज?"

ती गणवेशाची बाही ओढत बसली, मग मान हलवली. नुसती एकदा.

मॅडम टेबलाकडे गेल्या. रजिस्टर उघडलं आणि लिहिलं — रमीला भिला पावरा, इयत्ता सहावी. म्हणाल्या, वयाप्रमाणे वर्गात बसवता येतं, कागद नसले तरी, मागचं मी भरून काढते. जन्मतारीख? एक जून! आमच्या वर्गात अकरा जण एक जूनचे आहेत. दिवाल्या म्हणजे दिवाळीत जन्मलेला, तरी एक जूनचा. शाळेत घालताना मास्तर तीच तारीख टाकतात.

हेडसर खूश! "वा मॅडम! एकवीस झाले!"

मॅडमनी लाल पेन काढलं आणि मुस्कानच्या नावावर रेघ मारली. सरळ. पट्टी लावून.

"अहो! एक आली तर एक काढली? एकवीस होत होते!"

"वीस पुरे, सर. खरे वीस."

हेडसरांच्या तोंडात पान होतं. ते तसंच राहिलं.

मुस्कान गेली. मला जरा वाईटच वाटलं. चांगली पोरगी होती.

२१ सप्टेंबर, रविवार

मम्मीला कळलं. गणवेश बघून कळलं. लाटणं, मी, पेरूचं झाड — मी वर.

मम्मी खालून, "ती शाळामा जाई तं शेण कोन उचलीन? पोऱ्या कोन सांभाळीन? मन्हा हात दुखतस ते दिखत नही तुले?"

मम्मीचे हात खरंच दुखतात. पहाटे बोटं वळत नाहीत तिची. खोटं नाही.

भिला खाली मान घालून उभा. "मालकीन, धाडत नही मी तिले. काय करीन तठे जाईसन?"

मी वरूनच ओरडले — शेण मी उचलीन!

मम्मी हसायला लागली. हसता हसता लाटणं पडलं. "तू? तू सोतानं ताट उचलत नही!"

पैज लागली. जोपर्यंत मी शेण उचलते तोपर्यंत रमीला शाळेत. एक दिवस चुकला की संपलं. बारक्याला तिची आई फडक्यात बांधून शेतात नेणार.

२२ सप्टेंबर, सोमवार

शेण उचललं. सहा पाट्या. ई!

२३ सप्टेंबर, मंगळवार

सात. म्हशीनं मुद्दाम केलं.

२४ सप्टेंबर, बुधवार

हाताचा वास जात नाही. वर्गात दिवाल्या नाक धरतो — "पाटलीन उनी, पाटलीन!" त्याला एक दिली. त्याच हातानं.

मॅडम मधल्या सुट्टीत रमीलाला बसवतात. तिला जोडाक्षरं येत नाहीत. पण ऐकलेलं एकदाही विसरत नाही. मॅडमनी कविता वाचली, तिनं ती मॅडमच्याच आवाजात परत म्हणून दाखवली, मध्ये खोकल्यासकट. मॅडम आधी दचकल्या. मग हसल्या! त्यांना हसताना मी पहिल्यांदा बघितलं. दात जरा वाकडे आहेत.

बस गेली. आज लक्षातच नाही आलं.

२७ सप्टेंबर, शनिवार

रमीला माझ्या बाकावर बसते. बाक दोघींचा, ती इतकी अंग चोरून बसते की तिसरी मावेल. सांगितलं, सरक इकडे. म्हणे, "मालकीन दखीन तं?" अगं इथं कुठली मालकीण! इथं फक्त मॅडम.

खिचडी एका ताटात खाल्ली. तिला मिरची झोंबत नाही, मला झोंबते. माझ्याही मिरच्या तीच वेचून खाते.

२९ सप्टेंबर, सोमवार

उद्या साहेब. मॅडमनी प्रत्येकाला दोनदा सांगितलं — उद्या यायचं म्हणजे यायचं. ताप आला तरी. पाहुणे आले तरी. म्हैस व्याली तरी, दिवाल्या. वीसच आहोत, एकही जास्तीचा नाही.

पण कपाशी फुटलीये. शेतं पांढरी. मम्मी जेवताना म्हणाली, "सकाय पयली वेचणी."

उद्याच! आणि वेचणीला सालदाराचं अख्खं घर लागतं.

३० सप्टेंबर, मंगळवार

लिहिते सगळं. 

पहाटे शेण उचललं. मी पैज पाळली. तरी साडेसातला रमीला वर्गात नाही. आठला नाही. भिलाटीतला एक जण मळ्याच्या वाटेनं आला, म्हणाला, "ती तं वेचाले लागनी."

साहेब आला. पांढरी गाडी. आबा पण आलेले, फेटा बांधून. खुर्च्या, नारळ, चहा. मॅडम दारात उभ्या, रस्त्याकडे बघत. टोपण काढत होत्या, लावत होत्या.

मी मागच्या खिडकीतून उडी मारली.

मळा तसा जवळ, पण कपाशीतून पळता येत नाही, पाय ओढून धरते ती. रमीला ओळीत वाकलेली, कंबरेला कापसाची झोळी, केसात कापूस. बारक्या बांधावर माती खात होता. भिलानं मला बघितलं. काय सांगू? तोंडाला आलं ते सांगितलं — आबांनी बोलावलंय! रमीलाला! साहेबासमोर! लगेच!

"मालकनी बलावं?" त्यानं डोक्याचा रुमालच काढला. "जाय वं, जाय!"

तिकडून मम्मीची हाक आली. आम्ही ऐकली नाही. बारक्या रडायला लागला म्हणून त्याला पण उचलला.

वर्गात शिरलो तेव्हा साहेब मोजत होता. "…सतरा, अठरा." बोट दारात आलं. आम्ही दोघी धापा टाकत. "एकोणीस, वीस." मग कडेवरचा बारक्या दिसला, नागडा, करदोडा बांधलेला. "एकवीस! ह्याला कितवीत घेतलंय?"

सगळे हसले. साहेब पण. पण मग त्याचं लक्ष झोळीवर गेलं.

"ही मुलगी शेतातून आली. रोज येते का शाळेत? की आजच आणलीत?"

हेडसरांना घाम. मॅडम म्हणाल्या, "वीस तारखेपासून येते. रोज."

"हे कागद सांगतो. मला कागद खूप जण दाखवतात."

आणि रमीला — तिनं झोळी सोडून बाकावर ठेवली, ताठ उभी राहिली आणि मॅडमच्या आवाजात हजेरी सुरू केली! पहिलं नाव. मग त्या पोराच्याच घोगऱ्या आवाजात "हजर". दुसरं नाव. दुसरा आवाज. दिवाल्याचा — "हाजीर, मॅडम", जांभईसकट. आठवीतल्या लाजऱ्या पोरीचा, ओठातल्या ओठात. माझा! मी "हजर" म्हणताना शेवटी आवाज वर नेते, हे मला आजच कळलं. ओळीनं, एक नाव न चुकता. शेवटी थांबली. "रमीला भिला पावरा." आणि स्वतःच्या आवाजात — "हजर."

तिचा स्वतःचा आवाज इतका बारीक आहे!

साहेबानं चष्मा काढून पुसला. "रोज ऐकल्याशिवाय हे येत नाही," म्हणाला. वीस लिहिले. सही केली. जाताना म्हणाला, "पुन्हा येईन हं, न सांगता. वीसचे एकोणीस दिसले तर लिहावं लागेल मला."

मग आबांकडे वळून, "कमाल आहे अध्यक्ष तुमची! नात आणि सालदाराची मुलगी एका बाकावर! असं मी कुठं बघितलं नाही." आमचा फोटो काढला. मी, रमीला, मध्ये बारक्या. आबांची छाती ही एवढी.

वाचली शाळा. मॅडमनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. शेणाचा वास आला असेल त्यांना, पण बोलल्या नाहीत.

१ ऑक्टोबर, बुधवार

फोटो फिरला. साहेबानं ग्रुपवर टाकला, तिथून कुठं कुठं. दुपारी शहाद्याच्या मामीचा फोन. मम्मीनं स्पीकरवर घेतला होता.

"काय वं ताई, तुमनी मयूरी सालदारनी पोर संगे एक ताटमा जेवस म्हने? आठे समदा विचारी ऱ्हायनात."

ताटाचं कोणी सांगितलं हिला! फोटोत ताट नव्हतं.

मम्मीनं स्पीकर बंद केला. आबांनी पण ऐकलं होतं. कालची छाती आज दिसेना.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

सोनं लुटलं. आबांच्या पाया पडले. आबा म्हणाले, "उद्यापासून तू बसनं जाय, बेटा. तुले जावानं व्हतं ना?"

हो, जायचं होतं. पण ते मागच्या महिन्यात!

मी म्हटलं, आबा, मी गेले की एकोणीस होतील. साहेब पुन्हा येणार आहे, न सांगता.

"तुन्हं नाव आठेच ऱ्हाई. नाव कोठे जास! फक्त तू जाय."

नाव इथं, मी बसमध्ये. म्हणजे मी मुस्कान.

आबा, मग शाळेच्या विटा कोणासाठी आणल्या होत्या? असं विचारलं. म्हणजे मनात. तोंडातून नाही निघालं. मला, जिच्या तोंडाला कुलूप नाही म्हणतात!

३ ऑक्टोबर, शुक्रवार

पिवळी बस. खिडकीची जागा. मुस्काननं धरून ठेवली होती. टाय गळ्याला टोचतो. शाळेपुढून गेलो तर दिवाल्या फाटकावर बसलेला. जीभ दाखवायला हवी होती त्यानं. नाही दाखवली.

तिथं ऑफिसात जुन्या शाळेचा दाखला मागितला. मागून आलेले आबा म्हणाले, दिवाळीनंतर देतो. ऑफिसवाला हसला. त्याला सवय असावी.

रोल नंबर बेचाळीस.

कचोरी खाल्ली. तेलकट होती.

६ ऑक्टोबर, सोमवार

संध्याकाळचं शेण उचलायला गोठ्यात गेले. तेवढं मी सोडलं नाही, पैज मोडली तर रमीला घरी. तीच उभी होती तिथं. म्हटलं, तू कशाला आलीस? म्हणे, "तुले सांगाले."

सांगितलं तिनं. मॅडम हजेरी घेत होत्या. माझं नाव आलं. मॅडम थांबल्या. शनिवारी पण तिथंच थांबल्या होत्या, पेन हातात धरून, आणि पुढे काहीच न लिहिता रजिस्टर मिटलं होतं. हेडसर दारातून म्हणाले होते, "हजेरी मांडा हो मॅडम, आबांनी सांगितलंय."

"मंग आज मी म्हनी टाकं," रमीला म्हणाली.

काय?

तिनं म्हणून दाखवलं. माझ्याच आवाजात, शेवटी वर नेऊन — "हजर!"

मला हसू आलं. कोणी हसलं का गं?

"कोनी नही. मॅडम तं बाहेर चालनी गयी."

दोघींनी मिळून पाट्या टाकल्या. सहा.

७ ऑक्टोबर, मंगळवार

इथले सर हजेरी घेत होते. फॉर्टी टू. पुन्हा, फॉर्टी टू! मुस्काननं कोपर मारलं. मी उभी राहिले.

"नाव काय तुझं?"

"मयूरी अमृत पाटील."

"मग प्रेझेंट म्हण."

"कसं म्हणू सर? मी तिकडे गावाला हजर आहे. रोज. रजिस्टर बघा."

सरांनी पेन खाली ठेवलं. आबांचा नंबर मागितला.

पाठ होता. खणखणीत सांगितला.